पुंडलिकाची वीट

स्वस्थ बसून वाट पाहण्याला मराठीत शब्द फार नाहीत. परंतु ज्याने वाट पाहायला लावले त्याच्या मागे लागण्याला मात्र शब्दांचा सुकाळ आहे. खेटे घालणे, हेलपाटे मारणे, उंबरठे झिजवणे, तगादा लावणे, पिच्छा पुरवणे, धरणे धरणे. आणि कचेऱ्यांनी रूढ केलेला सभ्य शब्द म्हणजे पाठपुरावा करणे. ह्या प्रत्येकाची छटा निराळी आहे. खेट्यांत पायांचा शीण आहे, तगाद्यात हक्काचा आवाज आहे, पिच्छा पुरवण्यात दुसऱ्याला नकोसे होण्याची तयारी आहे, आणि धरण्यात तर उघड धमकीच आहे. ज्या समाजाने एवढे शब्द घडविले, त्याला ह्या गोष्टीचा अनुभव काही थोडाथोडका नसावा.

तरीही आपल्या सुशिक्षित घरांतून 'पुन्हा विचारणे' कमीपणाचे मानण्याची रीत आहे. 'एकदा सांगून झाले, आता त्यांना वाटेल तेव्हा ते करतील' हे वाक्य वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण सर्वांनी ऐकलेले असते. त्यात स्वाभिमान असतो हे खरे. परंतु ज्याचे काम अडले आहे त्याला स्वतः बोलता येत नसेल, आणि आपण त्याच्या वतीने बोलणारे असू, तर हा स्वाभिमान कोणाच्या खर्चाने पोसला जातो, हा प्रश्न वकिलाला तरी टाळता येत नाही. आम्ही गेली वीसएक वर्षे हाच व्यवसाय करीत आहो. म्हणून पाठपुराव्याविषयी चार शब्द लिहिण्याचा आमचा थोडाफार अधिकार वाचक मान्य करतील, अशी आशा आहे.

आमचे कार्यक्षेत्र सौंसर आणि पांढुर्णा. मुंबई-गोव्याकडील वाचकांना ही नावे कदाचित अपरिचित वाटतील. पांढुर्णा म्हटले की काहींना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार आठवते. सौंसर म्हटले की जामसावळीचा पिंपळाखाली पहुडलेला मारुती आठवतो. हा सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा, संत्र्याच्या बागांचा मराठी मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यापूर्वी इथल्या पक्षकाराचे उच्च न्यायालय नागपूरला होते. त्या दिवसापासून ते जबलपूरला गेले. माणसे मात्र होती तिथेच राहिली. त्यांच्या लेकी नागपूर-अमरावतीकडे दिलेल्या, त्यांची संत्री नागपूरच्या बाजारात जाणारी, आणि दुखणे विकोपाला गेले की रुग्णही नागपूरलाच जाणारा.

त्यामुळे इथला वकील तीन दिशांना तोंड करून बसलेला असतो. जिल्ह्याचे काम वर्षानुवर्षे छिंदवाड्याला, अपिलाचे काम जबलपूरला, आणि डॉक्टर, हिशेबतपासनीस, यंत्रांचे जाणकार हे सगळे नागपूरला. पहिल्या ठिकाणी हिंदीत लिहायचे, दुसऱ्या ठिकाणी इंग्रजीत, आणि तिसऱ्या ठिकाणी मराठीत. ऑगस्ट २०२३ मध्ये जामसावळी येथे पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर ह्या तहसिलींचा हा नवा जिल्हा अस्तित्वातही आला. जिल्हाधिकाऱ्यांकडचा हेलपाटा त्यामुळे जवळ आला, हे नाकारता येणार नाही. परंतु जबलपूर जवळ आले नाही आणि नागपूरच्या तज्ज्ञाच्या दिवसाचे तासही वाढले नाहीत. ज्याच्या दाराशी आम्ही उभे राहतो तो माणूस पूर्वीइतकाच गर्दीत सापडलेला आहे.

त्या माणसाविषयी आधी न्यायाने बोलले पाहिजे. सकाळी शस्त्रक्रिया, दुपारी रुग्णांची रांग, रात्री पुन्हा वॉर्डातील फेरी असा ज्याचा दिवस आहे, त्या डॉक्टरला आमचे पत्र मिळते तेव्हा त्याच्या मेजावर तशीच वीस पत्रे असतात. जबलपूरच्या नामांकित ज्येष्ठ वकिलाच्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांनी भिंत झाकलेली आम्ही पाहिली आहे. असा माणूस आपल्याला विसरतो तो आपल्याविषयी अनादर असतो म्हणून नव्हे. आपले काम त्याच्या दृष्टीने लहान असते, आणि लहान काम 'केव्हाही करता येईल' ह्या वर्गात पडते. जे केव्हाही करता येते ते कधीच होत नाही, हा संसारातला जुनाच अनुभव आहे. म्हणून दुसऱ्या स्मरणपत्रात रागाचा लवलेशही नसावा. राग आला की पत्रातील अक्षर तेवढे मोठे होते. काम होत नाही.

आपल्याकडे एके काळी ह्या रागाला विधीचे रूप दिलेले होते. सावकार किंवा त्याने धाडलेला ब्राह्मण ऋणकोच्या दारी उपाशी बसे आणि घरच्यांनाही अन्न घेणे अशक्य करी. हेच ते धरणे. तो बसलेला माणूस दारात मेला तर त्याचे पाप आपल्या माथी येईल, ह्या भीतीने देणे वसूल होत असे. इंग्रजी राजवटीला ही प्रथा इतकी भयंकर वाटली की १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ खाली, ईश्वरी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करावयास लावणे हा गुन्हा ठरविताना दारात धरणे धरून बसण्याचेच उदाहरण दिले गेले. ती संहिता जुलै २०२४ पासून मागे पडून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली; पण आमच्या पिढीने कायदा शिकताना ते उदाहरण वाचलेले आहे. देवाच्या नावाने दुसऱ्याला कोंडीत धरणे हा पाठपुरावा नव्हे, एवढा धडा त्यातून घ्यावा.

मग नुसते विनयाने विचारीत राहावे काय? इथे कायदा आपल्याला एक कठोर गोष्ट सांगतो. ह्याच राज्याचा एक खटला एस. एस. राठोड विरुद्ध मध्य प्रदेश राज्य ह्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८९ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्याचा निर्णय दिला. कायद्याने ज्यांची तरतूद केलेली नाही अशी निवेदने पुन्हा पुन्हा पाठविल्याने दाव्याची मुदत वाढत नाही, हे त्यात स्पष्ट झाले. म्हणजे कोणी दहा वर्षे दर महिन्याला अर्ज केला आणि एकालाही उत्तर आले नाही, तर ते शंभरावर अर्ज त्याच्या श्रमांचा पुरावा होतील, पण त्याच्या हक्काचे रक्षण करणार नाहीत. गावोगावी अशी माणसे आहेत. पिशवीत अर्जांच्या स्थळप्रती जपून ठेवतात आणि 'साहेब, आम्ही गप्प बसलो नाही' असे अभिमानाने सांगतात. त्यांना मुदत टळल्याचे सांगणे हे आमच्या व्यवसायातील सर्वांत अप्रिय कामांपैकी एक आहे.

परंतु हाच कायदा दुसऱ्या बाजूने मोठा उदार आहे. १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम १८ असे सांगते की, मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने आपले देणे लेखी मान्य करून त्याखाली सही केली, तर त्या सहीच्या दिवसापासून मुदत नव्याने मोजावी. ह्या कबुलीत पैसे देण्याचे वचन असण्याचीही गरज नाही. 'देणे आहे, पण आता देत नाही' असे लिहिले तरी ती कबुलीच. धनकोच्या शंभर पत्रांना जे बळ नाही, ते ऋणकोच्या एका ओळीला आहे. ह्यात आम्हांस व्यवहाराचे एक मोठे मर्म दिसते. आपण किती वेळा विचारले ह्याला फारशी किंमत नाही. विचारण्यातून समोरच्याकडून काय हाती आले ह्याला किंमत आहे. आणि हाती येणारी पहिली वस्तू काम ही नसते, पोच ही असते.

ह्या ठिकाणी आम्हांस पंढरीची कथा आठवते. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत गढलेला होता आणि प्रत्यक्ष देव त्याच्या दारी आला. आजच्या भाषेत सांगायचे तर पुंडलिक हा अत्यंत कामात असलेला गृहस्थ, आणि दाराशी आलेला पाहुणा असा की ज्याच्यासाठी कोणीही हातातले काम टाकून धावावे. पुंडलिकाने काम टाकले नाही. पण त्याने पाहुण्याकडे दुर्लक्षही केले नाही. हाताशी असलेली वीट त्याने पुढे सरकवली आणि सांगितले की, ह्यावर थांबा. सेवा आटोपली की येतो. देव त्या विटेवर उभा राहिला तो आजतागायत उभा आहे.

कीर्तनकार ह्या कथेतून मातृपितृभक्ती सांगतात, आणि ते योग्यच आहे. आमच्या व्यवसायामुळे आमचे लक्ष मात्र त्या विटेकडे जाते. ती वीट म्हणजे काम झाले असे नव्हे. ती म्हणजे तुमची दखल घेतली, तुम्हांला उभे राहायला जागा दिली, आणि मी कोणत्या कामात आहे हेही सांगितले. कलम १८ मधील सहीची ओळ आणि पुंडलिकाची वीट ह्या एकाच जातीच्या वस्तू आहेत. म्हणून आम्ही आमच्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण वकिलांना सांगतो की, कामात बुडालेल्या माणसाकडे गेल्यावर एकदम काम मागू नये, वीट मागावी. 'हे केव्हा कराल?' हा प्रश्न त्याच्यापुढे सबंध काम उभे करतो आणि तो टाळतो. 'कोणत्या दिवशी विचारायला येऊ?' किंवा 'आपल्याकडून होणार नसेल तर तसे सांगा' ह्याला उत्तर देण्यास क्षणही पुरतो. नकार हीसुद्धा वीटच आहे. तीवर उभे राहून माणूस दुसऱ्या दाराकडे पाहू शकतो.

एका प्रकरणात ही गोष्ट आम्हांस विशेष जाणवली. सौंसर तहसिलीतील पंचविशीचा एक तरुण, संत्र्याच्या तोडणीवर आणि पेट्या भरण्यावर मजुरी करणारा. ट्रकच्या धडकेत त्याचा पाय कायमचा अधू झाला. नागपूरच्या एका अस्थिरोगतज्ज्ञाने शस्त्रक्रिया करून पाय वाचविला, अपंगत्वाचा दाखलाही दिला. परंतु मोटार अपघात दावा अधिकरणापुढे नुसता दाखला पुरत नाही. पायाचे अपंगत्व किती, हा एक प्रश्न. आणि त्यामुळे ह्या माणसाची कमाई किती बुडाली, हा दुसरा. वजन उचलून जगणाऱ्याचा पाय गेला तर त्याचे सगळेच गेल्यासारखे असते; तेच अपंगत्व बैठ्या माणसाला त्या मानाने सोसवते. हे सांगायला उपचार करणारा डॉक्टर साक्षीला हवा होता. विमा कंपनीच्या वकिलांनी त्याच मुद्द्यावर बोट ठेवले, आणि ते त्यांच्या कर्तव्याला धरूनच होते.

डॉक्टरांना समन्स गेले. ते शस्त्रक्रियेत होते. पुन्हा गेले, ते परगावी परिषदेला गेलेले. दूरध्वनी केला की मदतनीस मुलगी गोड आवाजात 'सरांना सांगते' म्हणे. असे सात महिने गेले, पेशीमागून पेशी पुढे ढकलली गेली. त्या मुलाची आई दर पेशीला येई आणि कोर्टाबाहेरच्या निंबाखाली बसे. एकदा तिने भीत भीत विचारले, 'वकीलसाहेब, पुन्हा पुन्हा गेलं त डॉक्टर रागावतीन का जी?' तिच्या दृष्टीने तो डॉक्टर मुलाचा पाय वाचविणारा देवमाणूस होता. त्याला त्रास देणे तिला पटत नव्हते. आम्ही सांगितले, 'रागावले तर आमच्यावर रागावतील, बाई. त्यासाठीच तर तुम्ही वकील केला आहे.'

सर्वोच्च न्यायालयाने ह्या अडचणीचा विचार पूर्वीच करून ठेवलेला आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या प्रकरणात २०१० साली न्यायालयाने म्हटले की, डॉक्टर साक्षीला येण्यास नाखूष असतात ते बहुधा कामाच्या व्यापामुळे आणि न्यायालयात तिष्ठत राहावे लागते म्हणून. तेव्हा अधिकरणांनी त्यांना निश्चित वेळ द्यावी, त्यांना आदराने वागवावे, आणि जरूर तर कमिशन नेमून रुग्णालयातच साक्ष नोंदवावी. देशातील सर्वांत वरिष्ठ न्यायपीठाने दुसऱ्याच्या वेळेची एवढी कदर करावी, हे वाचून आम्हांस समाधान वाटले होते. आता तो आधार उपयोगी आला.

आम्ही स्वतः नागपूरला गेलो. जाताना एकच पान नेले. त्यावर रुग्णाचे नाव, भरती झाल्याची तारीख, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, क्ष-किरण चित्रांच्या तारखा, आणि साक्षीत विचारले जातील असे तीन प्रश्न. खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या. शंकराच्या देवळात आधी नंदीच्या कानात सांगावे लागते, हे ध्यानात ठेवून ते पान आम्ही बाह्यरुग्ण विभागातील जुन्या परिचारिकाबाईंकडे दिले. 'साहेबांनी साक्ष द्यावी असे म्हणत नाही, कोर्टाने माणूस इथे पाठविला तर कोणता वार, कोणती वेळ सोयीची, एवढेच ह्यावर लिहून हवे आहे' असे सांगितले. बाईंनी पान रुग्णांच्या कागदांत मधोमध सरकवले. पाऊण तासाने ते परत आले. खाली लिहिलेले होते: 'गुरुवार, सकाळी ८, शस्त्रक्रियेपूर्वी.' आणि सही.

ती ओळ हाती आल्यावर बाकीचे काम सरळ होते. अधिकरणापुढे अर्ज, कमिशनचा आदेश, आणि पुढे एका गुरुवारी सकाळी अर्ध्या तासात साक्ष व उलटतपासणी दोन्ही पूर्ण. डॉक्टरांनी मनापासून साक्ष दिली. हा मुलगा पुन्हा पाठीवर पेटी उचलू शकणार नाही, हे त्यांनी असे सांगितले की उलटतपासणीत फारसे विचारण्यासारखे उरले नाही. निघताना त्यांनी आम्हांस चहा दिला आणि म्हणाले, 'एवढेच होते तर आधी का झाले नाही?' ह्याचे उत्तर देण्याची ती वेळ नव्हती. दाव्याचा निकाल यथाकाल लागला. तो मुलगा आता तोडणीवर जात नाही. बागेत काट्याजवळ बसून वजनाच्या नोंदी ठेवतो. भरपाईच्या पैशातून घराला पक्के छप्पर आले.

दोन विचारण्यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत, हे आमच्या भागातल्या बागाईतदाराइतके कोणाला कळत नसेल. संत्र्याच्या झाडाला बहार आणायचा तर त्याला 'ताण' द्यावा लागतो. पाणी तोडून जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दीड महिना झाड तसेच ठेवायचे. पाने मलूल होऊ लागली की पाणी सोडायचे. मग फूल येते. रोज पाणी दिले तर झाड नुसते पाल्याने माजते, आणि ताण लांबला तर वाळून जाते. स्मरणपत्रांचेही असेच आहे. रोजच्या दूरध्वनीने 'हो, हो, करतो' एवढा पालाच वाढतो. सहा महिन्यांच्या मौनाने ओळखच वाळते. माणसाचा मगदूर ओळखून मध्ये अंतर ठेवावे. आणि पाणी सोडायचे तेव्हा ते मुळाशी जाईल असे सोडावे, म्हणजे प्रत्येक वेळी काही नवे घेऊन जावे: राहिलेला कागद, पुढची तारीख, त्याचे काम थोडे हलके करणारी एखादी गोष्ट.

मोठी कामेसुद्धा अशाच लहान विटांवर उभी राहिली आहेत. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर परदेशातून विद्या संपादून आले आणि त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संकल्प केला, तो प्रथम आमच्या शेजारच्या नागपुरात. कल्पनेचे कौतुक करणारे पुष्कळ होते. पण कौतुकावर छापखाना चालत नाही, हे जाणून केतकरांनी मर्यादित भांडवलाची मंडळी स्थापन केली, भाग विकले, वर्गणीदार मिळविण्यासाठी गावोगाव स्वतः हिंडले. अमेरिकेतील विद्यापीठाचा हा डॉक्टर लोकांच्या दारी जाऊन उभा राहिला, आणि सहानुभूतीच्या जागी त्याने सही मागितली. ज्याने भाग घेतला, ज्याने वर्गणी नोंदविली, त्याने वीट दिली. पुढे कार्यालय पुण्यास गेले आणि तेवीस खंडांचा ग्रंथ पुरा झाला. 'माझे बारा वर्षांचे काम' ह्या आपल्या ग्रंथात केतकरांनी ह्या खटाटोपाची हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. विचारायला लाजणारा विद्वान असता तर एवढे काम त्याच्या मनातच राहिले असते.

येथवर आम्ही विचारणाऱ्याचा धर्म सांगितला. परंतु जो आज दुसऱ्याच्या दारी उभा आहे, तोच उद्या स्वतःच्या दारी कोणाला तरी उभे ठेवीत असतो. आमच्या कचेरीतही सकाळी पक्षकारांची बाके भरलेली असतात. कोणाला नक्कल हवी असते, कोणाला नुसता धीर. सर्वांची कामे त्या दिवशी होणे शक्य नसते. म्हणून आमच्या मुन्शींच्या वहीत एक रकाना आखलेला आहे. आलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे त्यात काही तरी लिहिले गेलेच पाहिजे, असा नियम आहे: 'सोमवारी यावे', 'कागद अपुरे', 'जबलपूरहून उत्तर नाही', नाही तर 'हे आमच्याकडून होणार नाही'. जाणाऱ्याला ते वाचून दाखवायचे. ह्याला फार तर दहा मिनिटे लागतात. काम झाले नाही तरी माणूस बऱ्याच शांतपणे घरी जातो, आणि पुन्हा कधी यायचे हे त्याला ठाऊक असते.

आपल्या देवळांच्या कमिट्यांवर, शिष्यवृत्तीच्या मंडळांवर, दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत ह्या मासिकाचे अनेक वाचक जबाबदारीच्या जागी बसलेले आहेत. त्यांच्याकडे अर्ज करणारा विद्यार्थी किंवा एखादी निराधार बाई दुसऱ्यांदा विचारायला कचरते, हे त्यांनी लक्षात घ्यावे. काम आज होईल की महिन्याने, हे कित्येकदा आपल्या हाती नसते. पण दारी आलेल्याला चिखलात उभे ठेवावे की विटेवर, एवढे तरी प्रत्येकाच्या हाती असते. आणि पुंडलिकाने सेवेत खंड पडू न देता तेवढे केले होते.